उभ्या पाण्याचे गणित

या लेखापुढे एक प्रश्न आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर एखाद्याने अभियांत्रिकीची पदवी घ्यायचे ठरवले, तर वीस-बावीस वर्षांपूर्वी सुटलेले गणित त्याच्या हाती पुन्हा येते का, आणि येत असल्यास कोणत्या वाटेने येते? उत्तर शेवटी देईन. आधी रीत, मग उत्तर, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. वाचकांना वेगळा नियम लावण्याचे कारण दिसत नाही.

माझ्याविषयी आवश्यक तेवढेच सांगते. मसुऱ्याकडच्या एका माध्यमिक शाळेत मी चौतीस वर्षे गणित शिकवले. निवृत्त होताना शाळेने मोडीत काढलेला एक फळा मागून घेतला आणि मालवणातल्या माझ्या घराच्या पडवीत टांगला. त्या फळ्यासमोर गेली काही वर्षे प्रौढ माणसे येऊन बसतात. कोणी आय.टी.आय. केलेले, कोणी पदविका घेतलेले, सगळे दहा-वीस वर्षे हाताने काम केलेले. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चालणारे पदवीचे वर्ग आता निघाले आहेत. तिकडे जाण्यापूर्वी गणित घासूनपुसून घ्यावे म्हणून ही मंडळी माझ्याकडे येतात. मी या कामाला ‘उजळणी’ म्हणते. मालवणात त्याला ‘बाईंकडचां’ म्हणतात.

उजळणीची माझी रीत साधी आहे. पहिल्या दिवशी पाच उदाहरणे देते आणि उत्तरांकडे पाहतच नाही; पाहते ती हाताकडे. पेन कोठे अडखळते, कोठे थांबते, याची नोंद करते. जेथे पेन थांबले, त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करायची. पार तळापासून सुरुवात केली तर प्रौढ माणसाचा अपमान होतो, आणि थांबला तेथूनच केली तर तो पुन्हा तेथेच थांबतो. दुसरा नियम असा की पहिला आठवडा पुस्तक उघडायचे नाही. प्रत्येकाच्या कामात गणित आधीपासून असतेच. ते शोधून काढायचे.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात बॉयलर सांभाळणारे एक गृहस्थ येत असत. अपूर्णांक दिसला की त्यांना घाम फुटे. मी त्यांच्यासमोर काजूगर ठेवले आणि विचारले, हे काय? ते म्हणाले, हा अख्खा, ही पाकळी, हा तुकडा. दोन पाकळ्यांचा अख्खा होतो हे मी त्यांना शिकवावे, हा विचार त्यांना इतका हास्यास्पद वाटला की ते पडवीतच हसत सुटले, आणि त्या हसण्यातच त्यांची भीती गेली. तीन आठवड्यांत ते छेद-अंशांवर स्वार झाले. एकदाच त्यांचे उत्तर एक-अष्टमांशाने कमी आले. पाऊण तास आम्ही चूक शोधली. शेवटी त्यांनी कबूल केले की तो एक-अष्टमांश त्यांनी खाल्ला होता.

दुसरे कुणकेश्वरचे वायरमन. त्यांची अडचण तात्त्विक होती. शाळेत आम्ही ज्याला ‘क्ष’ म्हणतो, तो महाविद्यालयात ‘एक्स’ होऊन येतो. वायरमननी पेन खाली ठेवले आणि मला विचारले, “बाईनू, ह्यो एक्स कोण? नाव-गाव नसलेल्या माणसाक मी घरात घेणंय नाय.” मग आम्ही एक्सचे नाव बाबलो ठेवले. बाबल्याचा वर्ग, त्यातून पाच बाबले वजा, अधिक सहा, बरोबर शून्य. त्यांनी ते समीकरण शिस्तीत सोडवले. बाबलो दोन आला, नाही तर तीन. एकाच समीकरणात दोन बाबले कसे, असा त्यांना प्रश्न पडला. मी सांगितले, जुळे. आज ते पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहेत. कागदावर एक्स लिहितात आणि मनात बाबलो म्हणतात, असे त्यांनी मला कळवले आहे.

परंतु या लेखाचा खरा आधार सुलभा आहे.

आंगणेवाडीची जत्रा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपारी चारच्या सुमारास पडवीच्या पायरीवर एक बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, मनगटावर ग्रीसचा काळा डाग. मी चष्मा लावेपर्यंत तिने मला ओळखले होते. मला ती तिच्या हसण्यावरून ओळखू आली. नववी-दहावीला माझ्या वर्गात खिडकीजवळ बसणारी सुलभा. आता वय एकोणचाळीस. ती पायरी न चढताच म्हणाली, “बाईनू, माका गणित शिकवशात? पयल्यापासून नको. जयसर सोडलात, थयसून.”

‘जिथे सोडलेत, तिथून’ हे तिचे म्हणणे मी नेहमीच्या काटेकोरपणाने दुरुस्त केले. गणित मी सोडले नव्हते, तिने सोडले होते. ती हसली आणि आत येऊन बसली. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळला.

सुलभा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात सोळा वर्षे काम करते. दहावीनंतर आय.टी.आय., मग नोकरी सांभाळून पदविका. पदविकेचे गणित पाठ करून कसेबसे ओलांडलेले. कारखान्याची यंत्रे तिला आवाजावरून कळतात. कॉम्प्रेसर बिघडला तर तो उघडते ती, जोडते ती, चालू करते ती. मात्र काम पुरे झाल्यावर तपासणीच्या वहीत सही करायला बाहेरून एक अभियंता येतो, कारण वहीत पदवीधराची सही लागते. तो गाडीतून उतरतो, यंत्रावर हात ठेवतो, सही करतो आणि चहा घेऊन जातो. तिला त्याचा राग नव्हता. तिला ती सही हवी होती. आपण केलेल्या कामाखाली आपले नाव, एवढीच तिची मागणी होती.

पदवीच्या वर्गाला जागा मोजक्या. शिक्षणात मोठा खंड पडलेल्यांसाठी ते महाविद्यालय गणिताची पन्नास गुणांची चाचणी आणि थोडी तोंडी परीक्षा घेणार होते. त्यात उतरली तर प्रवेश. नाही तर वर्ष वाया. कारखान्यातली देखरेखीची जागा लवकरच रिकामी होणार होती, आणि पदवीच्या वर्गात नाव असलेल्यालाच मालक त्या जागेसाठी विचारात घेणार होते. वर्ष गेले की जागा गेली. आमच्या हाती तीन महिने होते.

पाच उदाहरणांतल्या दुसऱ्यावरच तिचे पेन थांबले. उणे चार गुणिले उणे तीन. तिने मान वर करून विचारले, ऋण गुणिले ऋण धन का होते? मी तिला तिच्याच कारखान्यात नेले, अर्थात शब्दांनी. टाकीचे तापमान तासाला चार अंशांनी उतरते आहे. म्हणजे उणे चार. तीन तासांपूर्वी काय होते ते सांग. मागे जायचे, म्हणजे उणे तीन. तीन तासांपूर्वी टाकी आताच्यापेक्षा बारा अंशांनी जास्त गरम होती ना? म्हणजे अधिक बारा. तिने पेन उचलले, उत्तर लिहिले आणि हळूच म्हणाली, “एवडांच होतां?”

त्यातल्या ‘होतां’कडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

मग आमची गाडी सुटली, आणि कशी सुटली ते सांगताना माझ्या लेखणीला लगाम राहत नाही. सुलभा कामावरून सुटली की थेट पडवीत येई, आणि आम्ही दोघी समीकरणांवर अशा तुटून पडायचो जशा दोन शाळकरी मैत्रिणी कैऱ्यांवर. त्रिकोणमितीचे कोष्टक तिने बर्फाच्या साच्यांत आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवले होते. लादी निघाली की साइन तीस अंश बंदरावर रवाना. एकदा एका खलाशाने कारखान्यात फोन करून विचारले की बर्फावर ‘कॉस’ लिहिले आहे, ते कोणाच्या होडीचे नाव आहे? मी सदुसष्ट वर्षांची बाई त्या दिवसांत जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत असे. शेजारणींनी माझी तब्येत विचारली.

गाडी अडली ती साइनच्या वक्रावर. त्रिकोणातला साइन तिला समजला, पण तो एकाएकी लाट होऊन कागदभर वर-खाली का धावू लागतो, हे काही केल्या बसेना. दोन दिवस मी फळ्यावर वर्तुळे काढली. तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत तिचे सासरे आले. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी जन्मभर मासेमारीच्या नौकेवर तांडेल म्हणून, म्हणजे नौकेचा प्रमुख म्हणून काम केले होते. सारे गाव त्यांना तांडेलकाका म्हणते. सून रोज कोठे जाते ते बघायला ते आले होते. त्यांनी फळ्याकडे पाहिले, वर्तुळांना महत्त्व दिले नाही आणि सुनेला विचारले, “पाऊणकी येता तुका?”

तिला येत नव्हती. तरुण वाचकांसाठी सांगते : पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. एके काळी शाळेत हे घोकून घेत.

“इंजिनेर होवूक निघाली, आणि पाऊणकी नाय,” तांडेलकाका मला म्हणाले, जणू तक्रार पालकांकडे करत होते. मग त्यांनी आपली रीत सांगितली. “तीथ धर. पाऊणपट कर. तेवडे वाजले की भरती पुरी.”

चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मग प्रतिपदेपासून पुन्हा सुरुवात. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. ही एक सरळ रेषा होती, तिचा चढ पाऊण होता, आणि शाळेत मी चौतीस वर्षे आलेख शिकवताना रिक्षाच्या भाड्याची उदाहरणे देत बसले होते. माझ्या घरापासून समुद्र चालत सात मिनिटांवर आहे.

मी त्याच क्षणी ठरवले की पुढच्या रविवारी पाणी मोजायचे. दिनदर्शिका पाहिली, रविवारी तृतीया होती. तीन पाऊणे सव्वादोन. भरती सव्वादोनला पुरी व्हायला हवी, आणि सुकती, म्हणजे पाणी पुरते ओसरण्याची वेळ, त्याच्या सुमारे सहा तास आधी, आठच्या आसपास.

रविवारी सकाळी आठच्या आधी आम्ही धक्क्यावर होतो. एका लांब बांबूवर मी सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या आणि तो धक्क्याच्या खांबाला पक्का बांधला होता. कामाची वाटणी ठरली : घड्याळ माझ्याकडे, वही सुलभाकडे, आणि बांबूवरचा आकडा वाचण्याचे काम तांडेलकाकांकडे, कारण दूरचे त्यांना आम्हा दोघींपेक्षा स्वच्छ दिसते. एक छत्री, एक पाण्याचा तांब्या, आणि आजूबाजूला मासे घ्यायला-विकायला आलेली माणसे. बाईंनी धक्का विकत घेतला, अशी बातमी साडेआठपर्यंत बाजारात पोचली होती.

आठला काकांनी छत्तीस सांगितले. नऊला सत्तेचाळीस. दहाला त्र्याहत्तर. सुलभा वहीत लिहीत होती आणि शेजारी ठिपके मांडत होती. दहाचा ठिपका मांडून ती थांबली. वहीत नऊ वाजता ७४ आणि दहा वाजता ७३. भरती चालू असताना पाणी एक सेंटिमीटर खाली गेले होते.

मी वही हातात घेतली, आकडे तपासले आणि कारणे द्यायला सुरुवात केली. एखाद्या होडीच्या लाटेमुळे नऊचा आकडा फुगला असेल. बांबूची गाठ सैल झाली असेल. खाडीच्या तोंडाशी प्रवाह उलटला असेल. तिन्ही कारणे क्रमवार, नीटनेटकी आणि पूर्णपणे चुकीची होती. बाजूला टोपली घेऊन बसलेल्या मासेवालीनेही समुद्र हल्ली बिघडल्याचे सांगून मला दुजोरा दिला.

तांडेलकाकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “भरती लागल्यार पाणी मागे गेलेलां माज्या जल्मात बघूक नाय. पाण्याची चूक नाय. लिवणाऱ्याची बघा.”

सुलभाने वहीकडे पाहिले, ओठांतल्या ओठांत ‘सत्तेचाळीस’ म्हटले, आणि छत्री टाकून खाली बसली. हसू तिला आवरेना. ही चूक केवळ मराठी कानालाच होऊ शकते. आपण संख्या बोलताना एकक आधी घेतो. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. घाईत हात कानाच्या मागे धावतो आणि सात आधी लिहून मोकळा होतो. नऊ वाजता पाणी ४७ वर होते. वहीत ते ७४ झाले. आणि ज्या बाईने शेकडो मुलांच्या वह्यांतली हीच चूक लाल शाईने गोल केली होती, त्या बाईने ती वही तपासून समुद्राला दोषी ठरवले होते.

“बाईनू, तुमी समुद्राक नापास करीत होतात,” मासेवाली म्हणाली. ती आता काकांच्या बाजूने झाली होती.

त्यानंतर नियम झाला : संख्या ऐकली की तिचे अंक सुटे करून मोठ्याने म्हणायचे. चार-सात. सात-तीन. धक्क्यावरची निम्मी माणसे आमच्याबरोबर म्हणू लागली. अकराला एक-एक-शून्य. बाराला एक-चार-नऊ. एकला एक-सात-तीन. दोनला एक-आठ-पाच. दर तासाला पाणी किती चढले ते मांडा : अकरा, सव्वीस, सदतीस, एकोणचाळीस, चोवीस, बारा. आधी हळू, मधल्या वेळी झपाट्याने, शेवटी पुन्हा हळू. मी पिशवीतून कोष्टक काढले आणि कॉसच्या किमतींवरून हेच आकडे किती यायला हवेत ते तिथेच काढले : दहा, सत्तावीस, सदतीस, सदतीस, सत्तावीस, दहा. मी ते मोठ्याने वाचले. सुलभाने वही माझ्या हातातून घेतली, दोन्ही ओळी पुन्हा-पुन्हा पाहिल्या आणि बांबूकडे बोट करून म्हणाली की ह्यां पुस्तकातलां हयसर आसा. आम्ही तिघे धक्क्यावर अशा आनंदात उभे होतो की कोणी विचारले असते तर मी त्याला पाऊणकी फुकट शिकवली असती. दोघांनी विचारलेही, आणि मी शिकवली.

पावणेदोन ते अडीच पाणी हलले नाही. काकांनी सव्वादोनला बोट दाखवले. “आता बघ. पाणी उभां रवलां.”

भरती पुरी झाली की उलटण्यापूर्वी काही काळ पाणी चढतही नाही, उतरतही नाही. बांधलेल्या होडीचा दोर सैल पडतो. त्याला त्यांच्या घरात उभे पाणी म्हणतात.

सोमवारी तो आलेख मी पडवीच्या भिंतीवर चिकटवला आणि त्यावर पट्टी ठेवून विकलनाचा पाठ घेतला. विकलन म्हणजे बदलाची गती काढणे, यापलीकडे त्यात भिण्यासारखे काही नाही. बाराच्या सुमारास पट्टी सर्वांत तिरपी. तिथे गती सर्वांत जास्त. दोनच्या पुढे पट्टी आडवी झाली. मी म्हटले, इथे गती शून्य.

सुलभाने त्या जागेवर बोट ठेवले. “गती शून्य म्हणजे पाणी नाय, असां नाय मां?”

मी उत्साहाने सांगितले की उलट, इथेच पाणी सर्वांत जास्त आहे.

“आणि सकाळी आठाक?”

तिथेही गती शून्य, पण तिथे पाणी सर्वांत कमी.

“मगे नुसत्या शून्यावरसून कळाचां कसां? भरती की सुकती?”

मला तिला मिठी मारावीशी वाटली. पाठ्यपुस्तकाला या प्रश्नापर्यंत पोचायला आणखी दहा पाने लागतात. मी तिला सांगितले की नुसत्या शून्यावरून कळतच नाही. त्या क्षणाच्या आधी काय चालले होते आणि नंतर काय होते, ते पाहावे लागते. आधी चढत होते आणि पुढे उतरू लागले, तर ती भरती. आधी उतरत होते आणि पुढे चढू लागले, तर ती सुकती. आधी-नंतर न पाहता निष्कर्ष काढणे ही परीक्षेतली सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि मी तिचे गुण कापते.

तिने ते वाक्य वहीत लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले एक पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवले. इयत्ता नववीचे प्रगतिपुस्तक. दुसरे सत्र. विषय गणित. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईत माझे सुबक अक्षर : ‘गणितात गती नाही.’ खाली माझी सही.

तो शेरा मी किती पुस्तकांत लिहिला असेल, सांगता येणार नाही. लिहायला सोपा होता. तिच्या वडिलांनी तो वाचला आणि विज्ञान शाखेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आय.टी.आय.ला ती गेली, कारण तिथे गणित कमी असते असे कोणीतरी सांगितले होते.

मी चष्मा पुसून तो शेरा पुन्हा वाचला. काय म्हणायचे ते तिने बहुधा रात्रभर जुळवले होते. “बाईनू, तुमी लिवलात तां चूक नाय. गती शून्यच होती. पण भरतीची की सुकतीची, तां तुमी बघूक नाय.”

हे ती हसत म्हणाली. मग तिने आधीचे सांगितले, जे मी पाहिले नव्हते. त्या वर्षी वर्गात तिने उभे राहून एक प्रश्न विचारला होता : ऋण गुणिले ऋण धन का होते? मी उत्तर दिले होते की तो नियम आहे, पाठ कर, बस खाली. ती बसली. त्यानंतर तिने वर्गात काही विचारले नाही, आणि सत्राच्या अखेरीस मी पट्टी आडवी ठेवली आणि गती शून्य असल्याची नोंद केली. पहिल्या दिवशीचे ‘एवडांच होतां?’ आता माझ्या कानात नीट वाजले. एवढेच होते. दोन मिनिटांचे काम होते, आणि मी ते बावीस वर्षांहून अधिक काळ लांबवले होते.

त्या दिवशी आम्ही दोन तास जास्त बसलो. माफी मागण्याची माझी रीत तीच आहे.

चाचणी मे महिन्याच्या अखेरीस झाली. तांडेलकाका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आम्ही दोघे महाविद्यालयाच्या व्हरांड्यात बसलो. खिडकीतून सुलभा दिसत होती. तिचे ओठ सारखे हलत होते. पर्यवेक्षक दोनदा तिच्याजवळ गेले. कोणाला उत्तरे सांगते आहे, असा त्यांचा समज झाला असावा. ती अंक सुटे करत होती.

तोंडी परीक्षेत काय झाले ते तिने बाहेर आल्यावर सांगितले. समोर तिच्याहून तरुण प्राध्यापक होते, घाटावरून नव्याने आलेले. त्यांनी विचारले, विकलन शून्य म्हणजे काय? पाठ केलेली व्याख्या तिच्या तोंडातून निघेना. मग ती म्हणाली, पाणी उभे राहते. प्राध्यापकांनी विचारले, कोणते पाणी? तिने सगळे सांगितले. बांबू, तीथ, सत्तेचाळीस, भरती आणि सुकती यांतला फरक कसा ओळखायचा तेही. त्यांचा पाऊणकीवर विश्वास बसला नाही. तेव्हा तिने त्यांना आमंत्रण दिले. “सर, आज षष्ठी. साडेचाराक धक्क्यार या.”

हे ऐकून मी घाबरले. परीक्षकाला कोणी धक्क्यावर बोलावते का? तांडेलकाकांना मात्र त्यात काही गैर वाटले नाही. माणूस नवा आहे, त्याला दाखवायला हवे, असे त्यांचे मत पडले.

साडेचारला पाच मिनिटे कमी असताना एक स्कूटर धक्क्यावर आली. प्राध्यापकांनी निकालाविषयी अवाक्षर काढले नाही, आम्हीही विचारले नाही. षष्ठीचे पाणी फार चढत नाही. ते तृतीयेच्या खुणेपर्यंत पोचले नव्हते, परंतु साडेचारला ते उभे होते. होड्यांचे दोर सैल पडले होते. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिले, दोर पाहिले, पुन्हा घड्याळ पाहिले, आणि मग अगदी विद्यार्थ्यासारखे काकांना विचारले की सप्तमीला किती?

“तूच सांग,” काका म्हणाले.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. सव्वापाच. काकांनी मान डोलावली. परीक्षक उत्तीर्ण झाले.

चार दिवसांनी सुलभाला महाविद्यालयातून फोन आला. ती तेव्हा माझ्या पडवीत होती. पलीकडच्या लिपिकाने गुण सांगितले : सदतीस. सुलभाने विचारले, तीन-सात की सात-तीन? मग लिपिकाने तिला आठवण करून दिली की चाचणी पन्नास गुणांची होती. फोन ठेवून आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण पुन्हा माझी तब्येत विचारायला आली.

हसणे ओसरल्यावर सुलभाने पिशवीतून ते प्रगतिपुस्तक काढले, जुन्या शेऱ्याचे पान उघडले आणि माझे लाल पेन माझ्यापुढे ठेवले. मी पुष्कळ विचार केला. मग जुन्या ओळीवर काट मारली नाही, कारण चुकीची पायरी खोडू नये, तिच्याखाली दुरुस्ती करावी, असे मी मुलांना शिकवले आहे. खाली लिहिले : ‘गती शून्य नोंदवली, ती बरोबर. आधी-नंतर पाहिले नाही, म्हणून निष्कर्ष चूक. ही भरती होती.’

सुलभाने ते वाचले आणि पुस्तक माझ्याकडे परत सरकवले. “बाईनू, सही करा. सही नसल्यार नोंद धरत नाय.”

मी सही केली. तिची स्वतःची सही कारखान्याच्या वहीत यायला अजून तीन वर्षे आहेत. देखरेखीची जागा तिला मिळाली आहे आणि पहिल्या सत्राचे गणित चालू आहे. त्या वहीतले तिच्या सहीचे पहिले पान मला दाखवायला आणण्याचे तिने कबूल केले आहे.

आता उत्तर. चाळिशीला गणित परत येते. ते सुटले होते त्याच जागेवरून येते, म्हणून ती जागा आधी शोधावी लागते. बहुतेक वेळा तिथे एक साधा प्रश्न उभा असतो, ज्याचे उत्तर कोणीतरी दिलेले नसते.

माझ्या एका अनुभवावरून मी हा निष्कर्ष काढला आहे, आणि घाईने निष्कर्ष काढण्यात मी किती तरबेज आहे हे वाचकांनी पाहिलेच आहे. म्हणून विनंती अशी : आजची तीथ पाहा, तिची पाऊणपट करा, जवळ खाडी किंवा समुद्र असेल तर त्या वेळी तिथे जाऊन पाणी उभे राहते का ते बघा. जागेनुसार अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडेल, तोही लिहून ठेवा. आणि घरात जुने प्रगतिपुस्तक असेल, तर त्यातला शेराही याच रीतीने तपासा. माझे चुकले असेल तर कृपया कळवा. मी खाली दुरुस्ती करीन आणि सही करीन.